पोटखराब्यातील हरणे



पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या आगगाडीने आपणांपैकी पुष्कळांनी प्रवास केला असेल. उरुळी मागे पडली, यवत व केडगाव गेले, म्हणजे खिडकीच्या दोन्ही अंगांस ऊस दिसू लागतो, आणि दौंड येईपर्यंत तो फारसा पाठ सोडीत नाही. हा मुलूख पाण्याचा व पैशाचा आहे असा प्रवाशाचा ग्रह होतो, आणि तो चुकीचा नव्हे. खडकवासल्याचा कालवा व भीमा नदी या दोहोंनी तो तसा केला आहे. परंतु पाटस स्टेशनावर उतरून कोणी दक्षिणेस दोन कोस चालत गेला, तर त्याला निराळाच देश भेटेल. कालव्याचे पाणी जेथे चढत नाही तेथून माळ सुरू होतो. मुरमाड उंचवटे, त्यांवर गुडघाभर गवत, मधून मधून बोर, हेकळ, एखादी बाभूळ, आणि वर मोकळे आभाळ. भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेलात, तरी पाबळ-कान्हूरच्या अंगास थोड्याफार फरकाने असाच माळ आढळेल. या दोन तालुक्यांत प्राथमिक शाळेचा मास्तर म्हणून माझी अडतीस वर्षे गेली, आणि निवृत्त झाल्यावर मी दौंड तालुक्यातील वडिलार्जित जमिनीवर राहावयास आलो. जमीन नऊ एकर. पैकी तीन एकर ओढ्याच्या काठी, विहिरीखालची. उरलेली सहा एकर माळ. त्या माळावर चिंकारा जातीची हरणे येतात. त्यांच्यासंबंधी, आणि अशा खाजगी मालकीच्या माळासंबंधी, मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम एक मास्तरी खुलासा. आपण ज्याला त्याला हरीण म्हणतो. पण सांबर व चितळ हे एक कुळ, आणि काळवीट व चिंकारा हे दुसरे. सांबराच्या शिंगांना फाटे असतात व ती दरसाल गळून पुन्हा येतात. काळविटाची व चिंकाऱ्याची शिंगे एकदा आली की जन्माची. काळविटाच्या मादीस बहुधा शिंगे नसतात. चिंकाऱ्याच्या मादीस असतात, पण लहान. चिंकारा उंचीने शेळीएवढा, वजनाने वीस-बावीस किलोचा, अंगाने तांबूस, आणि शेपटीचा काळा गोंडा सदैव हलता. काळवीट मुख्यतः गवत खातो व कळपाने राहतो. चिंकारा दोन-चारांच्या टोळीने हिंडतो आणि पाला, शेंगा, बोरे यांवर अधिक राहतो. पाणी त्याला फार लागत नाही. पाल्यातील ओलाव्यावर व दवावर तो कित्येक दिवस काढू शकतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, तिचा पुढे संबंध आहे.

आता मला हा विषय सुचला कसा, ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात नोकरीस आहे. मागील दिवाळीस तो घरी आला तेव्हा मला भेटावयास माळावर आला. संध्याकाळची वेळ होती. तीन चिंकारे उंचवट्यावर उभे होते. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्याकडं शेतकरी हरणांसाठी रान राखतात. मुद्दाम."

"चांगलं आहे. धर्मबुद्धीनं राखतात काय?"

"नाही गुरुजी. मारण्यासाठी."

मग त्याने मला सर्व सांगितले, आणि त्याच्या सांगण्यावरून मी पुढे थोडे वाचनही केले. त्या देशात पांढऱ्या शेपटीचे हरीण म्हणून एक जात आहे. ती सांबराच्या कुळातली. इसवी सन १९०० च्या सुमारास बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे सबंध देशात ही हरणे पाच लाखांच्या आसपास उरली होती. आज ती सुमारे तीन कोटी आहेत. हे कसे घडले? कायदे झाले, ऋतू ठरले, परवाने आले. १९३७ साली बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या जोपासनेस लावण्याचा कायदा झाला. पण टेक्साससारख्या प्रांतात शंभरांतील नव्वदांहून अधिक एकर खाजगी मालकीचे आहेत. तेथे सरकार एकटे काय करणार? तेथे जमीनमालकच कामास लागला. हरीण त्याच्या मालकीचे नसते, ते प्रांताचे. त्याच्या मालकीचे असते ते फाटक. त्या फाटकातून आत येऊन ठरलेल्या दिवसांत शिकार करण्याची मुभा तो शिकाऱ्यास भाड्याने देतो, आणि ते भाडे कित्येकांस गुरांच्या धंद्याइतके किंवा त्याहूनही किफायतशीर पडते. म्हणून तो गुरे कमी ठेवतो, झुडपे सगळी न तोडता पट्ट्यापट्ट्याने तोडतो, चाऱ्याची पिके पेरतो, आणि हरणांची संख्या रानाला झेपेल इतकीच राहील अशा बेताने माद्याही मारू देतो.

या विद्येचा एक आचार्य ऑल्डो लिओपोल्ड हा होऊन गेला. तो आरंभी वनखात्यात होता, पुढे विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्याचा या विषयावरील ग्रंथ १९३३ सालचा. शिकारीच्या प्राण्यांचा नाश करणारी आणि त्यांना परत आणणारी हत्यारे एकच, असे त्याचे सांगणे होते. ती हत्यारे म्हणजे कुऱ्हाड, नांगर, गाय, अग्नी आणि बंदूक. हे वाचल्यावर मी माझ्या सहा एकरांकडे नव्या दृष्टीने पाहू लागलो.

बंदुकीचे आधी उरकून घेऊ. आपल्याकडे चिंकारा व काळवीट यांस १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांची शिकार करणाऱ्यास किमान तीन वर्षे कैद आहे. मी बंदुकीची वकिली करण्यास आलेलो नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लांडगा मारून संपविला, म्हणून त्याचे काम शिकाऱ्यास करावे लागते. आमच्या माळावर लांडगा अजून आहे, आणि तो परवाना मागत नाही. शिवाय बंदूक काय करते हे मी लहानपणी पाहिले आहे. १९६७-६८ ची गोष्ट असावी. शहरातून काही मंडळी रात्री जीप घेऊन आली. वडिलांना माळाची वाट ठाऊक होती म्हणून त्यांना पुढे बसविले. परवाना होता की नाही हे त्यांनी विचारले नाही, आणि विचारण्याची त्यांची ऐपतही नव्हती. प्रखर दिव्याच्या झोतात हरीण खिळून उभे राहते. त्या रात्री पाच पडली. वाट दाखविल्याबद्दल आम्हांस एक मांडी मिळाली. घरात कित्येक दिवसांनी मांस शिजले, आणि मी ते आवडीने खाल्ले. त्या काळी १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राण्यांसंबंधीचा कायदा होता. पण कायदा पुण्यास होता आणि जीप माळावर होती.

त्याच ओघात एक गोष्ट बोलून टाकतो. फासे लावून हरीण धरणारे फासेपारधी आमच्या भागात पूर्वीपासून आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली गेला, तरी पारध्यांवरील डाग गेला नाही. शिकार बंद झाली हे योग्यच. पण जीपवाल्याचा छंद गेला आणि पारध्याचे पोट गेले, हा फरक कोणी हिशेबात घेतला नाही. माझ्या वर्गात पारध्यांची चार मुले होती. पावलांच्या ठशावरून हरीण केव्हा गेले, मादी की नर, हे ती सांगत. अशी विद्या असलेली माणसे माळाची राखण करण्यास घेतली असती तर किती सोय झाली असती!

तर बंदूक नाही. पण बंदुकीमुळे अमेरिकेतील मालकास जे मिळते, म्हणजे गवत राखण्याचे कारण, ते आमच्या मालकास कोठून मिळणार, हा माझ्यापुढील प्रश्न आहे. पूर्वी येथे ते कारण होते. भीमथडीची तट्टे प्रसिद्ध होती. घोडनदीस इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती. घोड्याला गवत लागते, म्हणून कुरणे राखली जात. संस्थानिकांचेही तसेच. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी शिकारी चित्ते असत व त्यांच्याकडून काळविटाची शिकार होई. सौराष्ट्रात भावनगरच्या राजांनी याच हौसेसाठी वेळावदरचे गवती रान राखले. तेच रान आज काळविटांचे राष्ट्रीय उद्यान आहे. हौस राजाची होती, गवत मात्र टिकले. घोडे गेले, संस्थाने गेली, आणि गवताला धनी उरला नाही.

उरला तो सातबारा. आपणांपैकी ज्यांची गावी जमीन आहे त्यांनी आपला उतारा काढून पाहावा. जी जमीन पेरणीस येत नाही तिच्यापुढे 'पोटखराबा' असे लिहिलेले असते. माझ्या सहा एकरांतील पुष्कळ भाग तसाच नोंदलेला आहे. ज्या जमिनीला सरकारी कागदच खराब म्हणतो, तिच्याबद्दल मालकाच्या मनात कोणता आदर राहणार? ती सुधारावयाची असते. कोणी तळे खणून, पाइप टाकून ऊस करतो. कोणी मुरूम विकतो. कोणी कुरकुंभ-रांजणगावच्या कारखानदारीकडे बोट दाखवून गुंठे पाडतो. आणि ज्यांस यांपैकी काही जमत नाही ते झाडे लावतात. हसू नका, यात मीही आहे. पावसाळा आला की वृक्षारोपणाचा कार्यक्रम करावयाचा असे, आणि मी दरसाल शाळेच्या पोरांना माळावर नेऊन खड्डे खणवीत असे. गिरिपुष्पाची रोपे मिळत. माळ ओसाड आहे, त्यावर झाड लावले की पुण्य, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. त्या झाडांखाली पुढे मारवेल राहिला नाही, पवन्या राहिला नाही, आणि चंडोलाची घरटीही राहिली नाहीत. गवत ही एक संपूर्ण वस्ती आहे, हे मला पेन्शन सुरू झाल्यावर समजले.

म्हणून माझ्या येथे कुऱ्हाड चालते ती वेड्या बाभळीवर. बोर, हेकळ व जुनी देशी बाभूळ यांना हात लावीत नाही. कारण ते चिंकाऱ्याचे ताट आहे. नांगर माळावर चढू देत नाही. अग्नीबद्दल आमच्या लोकांत अशी समजूत आहे की उन्हाळ्यात गवत पेटवून दिले म्हणजे नवे जोमाने येते. अमेरिकेत बेताने जाळतात, असे वाचले. पण तेथे माणसे, पाणी व वाऱ्याचा अंदाज घेऊन जाळतात, आणि येथे एक विडी पुरते. त्यात घरटी जातात, आणि आईने गवतात दडवून ठेवलेले पाडस जाते; कारण धोका आला असता पाडस पळत नाही, जमिनीला चिकटून पडून राहते. म्हणून मी कार्तिकात बांधालगत चार हात रुंद जाळरेषा साफ करून घेतो. अशी एकटी पडलेली पाडसे दिसली की दयाळू माणसे त्यांना उचलून घरी आणतात व दूध पाजतात. कृपा करून तसे करू नये. आई जवळपासच असते.

आता गाय. गाय म्हणजे येथे मेंढी. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे पश्चिमेस निघतात, तेव्हा ते आमच्या शिवारातून जातात. पहिल्या वर्षी मी मास्तरी तोऱ्यात त्यांना माळावर मनाई केली. तेव्हा वाड्यातील म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गुर्जी, मेंढरू फिरलं नाही तर गवत माजंल, खालचं कुजंल. पण बसू देऊ नका, फिरू द्या." ते खरे निघाले. न चरलेल्या तुकड्यात दोन वर्षांनी कुसळीचा एवढा गुंता झाला की हरणेही तिकडे फिरकेनात. आता आमचा ठराव असा आहे: गवत कापून झाले की आठ दिवस मेंढ्या माळावर चरतात, आणि रात्री खालच्या तीन एकरांत बसतात. मला खत मिळते, त्यांना चारा मिळतो. लांडगा त्यांचे एखादे कोकरू नेतो आणि ते त्याच्या नावाने बोटे मोडतात. पण लांडग्याला विष घालण्याची भाषा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

गवताची कापणी कोजागिरीनंतर, बी झडू लागले की करावी. आधी कापली तर पुढच्या साली गवत पातळ होते. मी सहापैकी दोन एकर दरवर्षी आळीपाळीने अजिबात कापीत नाही. तो हरणांचा आडोसा. उरलेल्या चार एकरांच्या पेंढ्या दुधाचा धंदा करणारे गोठेवाले नेतात. दुष्काळाच्या साली चांगला भाव येतो, एरवी मजुरी जाऊन थोडेफार राहते. नफा म्हणण्याजोगा नव्हे, पण तोटाही नव्हे. ज्यांस माळ राखावयाचा आहे त्यांनी काटेरी तारेचे कुंपण मात्र करू नये. पंजाबात अबोहरजवळ तेरा बिश्नोई गावांच्या खाजगी शेतांचेच मिळून सुमारे १८६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. तेथे धर्मश्रद्धेने शेतकरी काळविटास पीक खाऊ देतात. आपल्याकडे असे कोठे ऐकिवात आहे काय? परंतु तेथेही शेतांना धारदार तारा आल्या, मोकाट कुत्री वाढली, आणि जे काळवीट बंदुकीपासून वाचले ते तारांनी व कुत्र्यांनी घायाळ होऊ लागले.

कुत्र्यांचे नाव निघाले म्हणून मला माझ्या विहिरीची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगितल्यावाचून हे भाषण खोटे होईल.

ही विहीर माझ्या आजोबांनी खणलेली. काठ जमिनीबरोबर, कठडा नाही. आमच्या भागात अशा विहिरी शेकड्यांनी आहेत. माळावर राहावयास आल्यावर पहिल्या वर्षी, २०१७ च्या उन्हाळ्यात, मला हरणांची दया आली. मी सिमेंटची एक उथळ पाणवठ्याची थाळी विहिरीजवळ बांधली आणि रोज संध्याकाळी ती भरू लागलो. चिंकाऱ्यास पाणी फार लागत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. पाण्यावर हरणे आली. मी नातवाला दाखवून धन्यता मानू लागलो. पण पाण्यावर कुत्रीही आली. पलीकडे कोंबड्यांच्या शेडी आहेत. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या जातात, आणि त्यांवर पोसलेली दहा-बारा कुत्र्यांची टोळी तेथे होती. वैशाखातील एका रात्री भुंकणे ऐकून मी उठलो, कंदील घेऊन बाहेर आलो, आणि विहिरीत काही पडल्याचा आवाज ऐकला. मादी होती. पाणी खोल नव्हते, पण दगडी बांधणीस पाय लागत नव्हता. मी दोर सोडला, शेजाऱ्यास हाका मारल्या, वनखात्यास फोन केला. ते लोक निघालेही. परंतु अंतर अंतरच असते. शेजारी पोहणारा गडी घेऊन आला तोवर तिने धडपड थांबविली होती. वर काढल्यावर कळले की ती गाभण होती. सकाळी पंचनामा झाला. वनरक्षक मला काही बोलला नाही. विहिरीकडे मात्र त्याने दोनदा पाहिले.

त्याच महिन्यात मी कमरेइतका कठडा बांधून घेतला. थाळी विहिरीपासून दूर, उघड्या जागी नेली, जेणेकरून हरणाला चारी दिशा दिसाव्यात. आणि ती फक्त कडक उन्हाळ्यात, तीही थोडी भरतो. शेडवाल्यांशी भांडून, मग समजुतीने, मेलेल्या कोंबड्या पुरावयास लावल्या. सहा एकर गवत राखल्याने जे साधले नसते ते पाच फुटांच्या खड्ड्याने पुष्कळसे साधले. कठड्याचा सगळा खर्च माझ्या एका महिन्याच्या पेन्शनीतून भागला. तो आधी का केला नाही, याला माझ्याजवळ उत्तर नाही.

हरणे टिकली तशी तक्रारही आली. शेजारचा शेतकरी एके दिवशी बांधावर येऊन म्हणाला, "गुर्जी, तुमच्या हरणांनी माझा हरभरा लावला देशोधडीला. आता काय करायचं सांगा."

'तुमच्या हरणांनी' हा शब्द मला झोंबला. कायद्याने ती माझी नव्हेत. पण विचार केला तर त्याचे चुकले कोठे? माझ्या माळावर ती दिवसा बसतात आणि रात्री त्याच्या रानात जेवतात. गवताच्या पेंढ्यांचे पैसे माझे, हरभऱ्याचा तोटा त्याचा. पीकनुकसानीची भरपाई सरकार देते. अर्ज करावा लागतो, पंचनामा होतो. मी त्याचा अर्ज लिहून दिला, दोनदा हेलपाटेही घातले. भरपाई मिळाली, पण ती नुकसानीच्या मानाने थोडी आणि हंगामाच्या मानाने उशिरा. तेव्हा आम्ही आपसात एक तोड काढली. दरसाल कापणीच्या वेळी माझ्या पेंढ्यांतील चौथा हिस्सा त्याच्या म्हशींसाठी जातो. त्याने माझ्या बाजूच्या दोन ताशी हरभरा सोडून करडई पेरली. करडईला काटे असतात. जनावर सहसा तोंड लावीत नाही. हा आमच्या पंचक्रोशीतला जुना उपाय, मी काही नवे केले नाही. आता तो 'आपली हरणं' म्हणतो. कधी कधी.

हे सर्व सहा एकरांपुरते. पण हरीण सहा एकरांवर जगत नाही. त्याला शेजारचा, त्याच्या शेजारचा, असा मैलोगणती माळ लागतो. सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. ते सव्वापाच चौरस किलोमीटरांच्या आतबाहेर आहे. भीमेपलीकडे कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे १९८० चे काळवीट अभयारण्य त्याहूनही लहान, सव्वादोन चौरस किलोमीटरांचेसुद्धा नाही. त्यांच्या भोवती जो माळ आहे तो माझ्यासारख्यांचा. सरकारने तो एका फटक्यात राखावयाचे ठरविले तर काय होते, याचाही अनुभव नदीपलीकडे आहे. १९७९ साली सोलापूर व तेव्हाचा अहमदनगर या जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरांचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. आमच्या शेजारचे श्रीगोंदे व कर्जत तालुके त्यात आले. जमिनींचे व्यवहार अडू लागले, आणि लोक त्या मुक्या पक्ष्यालाच वैरी समजू लागले. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले. पण तोवर माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला होता.

१९७२ च्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने एक चांगली तरतूद आली. एखादा मालक किंवा गाव स्वखुशीने आपली जमीन 'सामुदायिक राखीव क्षेत्र' म्हणून देऊ शकतो. मालकी त्याचीच राहते. मी ती आमच्या घरात वाचून दाखविली. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, पुढं वापर बदलायचा तर समितीला आणि सरकारला विचारावं लागणार. हे माळढोकच झालं की." त्यांची भीती मला पटली नाही, आणि खोडूनही काढता आली नाही. माझे मत विचाराल तर सरकारने आधी दोन साध्या गोष्टी कराव्यात. सातबाऱ्यावर गवत हे पीक म्हणून लिहावे. आणि जो मालक माळ न मोडता राखील त्याला दर एकरी काही ठरावीक रक्कम द्यावी, भरपाई म्हणून नव्हे, मोबदला म्हणून. टेक्सासच्या शेतकऱ्यास शिकारी जे देतो ते येथे कोणी तरी दिले पाहिजे. पुण्याची मंडळी रविवारी दुर्बिणी घेऊन माळावर येतात, चहा घेतात, हरणांची छायाचित्रे काढतात आणि आभार मानून जातात. आभार मला आवडतात. पण ते पुतण्याला दाखविता येत नाहीत.

पुतण्या या सहा एकरांतील निम्म्याचा हक्कदार आहे. मुलगा सज्जन आहे, कुरकुंभला कारखान्यात कामाला आहे, दोन मुलींची शिक्षणे त्याच्या डोक्यावर आहेत. प्लॉट पाडणारे एजंट त्याच्याकडे दर महिन्यास येतात. त्यांनी एका गुंठ्याला जो भाव सांगितला तो माझ्या चार एकरांच्या गवताच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाहून अधिक आहे. हा हिशेब त्यानेच मला पाटीवर करून दाखविला, आणि मी शिकविलेल्या रीतीने केला, त्यामुळे चूक काढता आली नाही. त्याने मला पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर मी त्याच्या हिश्श्याचे भाडे म्हणून काही रक्कम उभी करावयाची, अथवा वाटणी मान्य करावयाची. मी गोठेवाल्यांशी तीन वर्षांच्या गवताचा एकदम करार करता येतो का ते पाहत आहे. टेक्सासच्या विद्यार्थ्यानेही पत्राने विचारले आहे की एका वर्षाचे भाडे त्याने दिले तर चालेल काय. बंदूक आणणार नाही, असेही त्याने लिहिले आहे. त्याला काय उत्तर लिहावे, हे अजून ठरलेले नाही. गुरूने शिष्याकडून असे घ्यावे की नाही, याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत.

यंदा पाऊस बरा झाला. कोजागिरी होऊन गेली आहे. परवापासून कापणीस माणसे येतील, आणि त्याआधी मला न कापावयाच्या दोन एकरांच्या कडेला खुंट्या ठोकून सुतळी बांधावयाची आहे. या साली तो तुकडा मी मुद्दाम पुतण्याच्या हिश्श्यात धरला आहे. काल पहाटे तेथे सात मोजली. त्यांत दोन पाडसे होती.